कबरीची खोड

द्वारकाबाई : ठेवा ते पोतं खाली. ठेवा म्हणते ना!

पुंजाराम : तू आदी आवाज कमी कर. खाली भानुमतीबाई दुपारच्या पडल्या असतील.

द्वारकाबाई : पडल्या असल्या तर उठतील. साऱ्या बिल्डिंगीला कळू द्या. आठ महिन्यांचं लेकरू पोत्यात घालून निघालेत म्हणून कळू द्या लोकांला.

पुंजाराम : लेकरू नाय. मांजर हाय ती.

द्वारकाबाई : मग मांजर म्हणून तरी दया करा! मीटरच्या पेटीखाली पडली व्हती, मुठीयेवढी. डोळे चिकटलेले. कापसाची वात दुधात बुडवून जगवली म्या तिला. तवा 'राहू दे, जगंल' कोण म्हणलं? तुमीच ना? 'कबरी' नाव कोणी ठिवलं? तुमीच ना?

पुंजाराम : कबरी व्हती म्हणून कबरी म्हणलो. गायीला बी तेच म्हणतो आपण.

द्वारकाबाई : अन् आज तिला पोतं! शहागंजातून हिंडून आणलं. माझी सुपारी आणा म्हणलं तर गुडघे दुखतात तुमचे.

पुंजाराम : हे बघ, हुज्जत घालू नको. टेम्पोवाला सांडू चार वाजता येतोय. कांदा भरायला वैजापूरला चाललाच हाय तो. तिथं मार्केटात सोडील. गोदामात उंदरं लई हायेत. उपाशी मरणार नाय ती.

द्वारकाबाई : अन् कुत्री? तिथली कुत्री काय माळकरी हायेत?

पुंजाराम : त्याला सांगितलंय, निघायच्या आदी पोतं तीनदा गरागरा फिरव. म्हंजी वाट ध्यानात राहत नाय. परत येत नाय जनावर.

द्वारकाबाई : इमान असलेल्या जनावराला वाट विसरायला लावायची! वा! काय शिकलात वो बाजारात.

पुंजाराम : अगं, पण चावली कुणाला, ते बघशील का? व्याह्याला! सुनेच्या बापाला! नानासाहेब दोन वर्षांनी उंबरा चढून आले, पंख्याखाली बसले, अन् हिनं झडप घालून बोट धरलं. सूनबाई काल जेवली नाय. बद्री काय म्हणला, तुझ्यादेखतच म्हणला ना? 'मी कंपनीतून येईस्तोवर ती मांजर घरात दिसली नाय पायजे.'

द्वारकाबाई : पोरगं म्हणलं ते डोळे झाकून ऐकायचं वय झालं का तुमचं?

पुंजाराम : चावणारं जनावर घरात ठेवीत नाय. मारकी गाय, चावरा घोडा, लाथाळ म्हैस. खोड ती खोड. जित्याची खोड मेल्याबिगर जात नाय.

भानुमती : येऊ का? दार उघडंच आहे, आणि आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येतोय.

द्वारकाबाई : या बाई, या. बरं झालं आलात. तुमीच सांगा आता ह्यांना. पस्तीस वर्षं शाळेत पोरांला जीवशास्त्र शिकवलं तुमी, दोन-दोन मांजरं पाळली. ही चावते म्हणून हिला पोत्यात घालून सोडायलेत. न्याय हाय का हा?

भानुमती : काल कोणाला तरी चावली म्हणून वॉचमन सांगत होता. पुंजारामभाऊ, किती लागलं?

पुंजाराम : थेंबभर रक्त आलं. बोटाला.

भानुमती : साबणाने धुतलं ना?

पुंजाराम : धुतलं की. दवाखान्यात नेऊन सुई बी देऊन आणली. पुढच्या सुया वैजापुरात घेतील.

भानुमती : हे योग्य केलंत. रक्त आलं की त्यात हयगय नको. बरं, आता मला सांगा, ती कधी चावते? कुठे चावते? चावायच्या आधी काय करते?

पुंजाराम : पंचनामा चाललाय का बाई?

भानुमती : पंचनामा शिक्षेच्या आधी करतात, भाऊ. तुम्ही पोतं आधी आणलंत.

द्वारकाबाई : आता बोला!

भानुमती : द्वारकाबाई, तुम्हाला चावते का?

द्वारकाबाई : चावते की. हे बघा ना मनगट. पण बाई, रागानं नाय चावत हो. मांडीवर येऊन बसते, घुर्रघुर्र करते. पाठ खाजवली की डोळे मिटून घेते. अन् मधीच वळून हाताला दात लावते. लावते अन् लगेच चाटते. आता चावायचंच व्हतं तर चाटलं कशाला? अन् चाटायचंच व्हतं तर चावली कशाला? माझा जीव कावून जातो.

भानुमती : त्या वेळी शेपटी काय करते?

द्वारकाबाई : आपटते. म्या म्हणते खुशीत आली.

भानुमती : खुशीत आलं की कुत्रं शेपटी हलवतं. मांजर शेपटी आपटायला लागलं म्हणजे ते सांगतंय, आता पुरे. कान मागे जातात, पाठीवरची कातडी थरथरते. तेव्हा हात काढून घ्यायचा. तुम्ही काय करता?

द्वारकाबाई : अजून खाजवते. खुशीत हाय म्हणून.

भानुमती : तिने सांगून पाहिलं, तुम्ही ऐकलं नाही. मग ती दाताने सांगते. तेही हलकेच. चाटते ती तुमच्यावर माया आहे म्हणून.

द्वारकाबाई : ऐकलंत? माया हाय म्हणून!

पुंजाराम : अशी माया व्याह्यावर कशाला करायची?

भानुमती : तेच विचारणार होते. दात लागले की तुम्ही काय करता, द्वारकाबाई?

द्वारकाबाई : हात वढते. वरडते. एकदा नाकावर टिचकी बी मारली. तर दुप्पट जोरानं धरला हात.

भानुमती : धरणारच. हात ओढलात की तो पळणारा उंदीर झाला. ओरडलात की खेळ रंगला. टिचकी मारलीत की भांडण. ह्यात तिची चूक मला कुठे दिसत नाही. आई लवकर गेली हिची. भावंडांत वाढली असती तर भावंडांनीच शिकवलं असतं. पिल्लू जोरात चावलं की दुसरं पिल्लू कळवळतं आणि खेळ सोडून निघून जातं. दोन-चारदा असं झालं की दात किती लावायचा ते कळतं. हिला तो धडा कोणी दिलाच नाही.

द्वारकाबाई : अगं बाई! म्हंजी अनाथ लेकराला रीत शिकवायला कोणी नव्हतं, अन् वरतून सजा बी त्यालाच!

पुंजाराम : झालं? झाली शाळा? तीन वाजून गेले. सांडूचा फोन येईल आता.

भानुमती : एक राहिलं, भाऊ. मांडीवर बसून दात लावणं वेगळं. काल तर तिने झडप घातली म्हणता. नानासाहेब तिचे ओळखीचे नाहीत. त्यांनी तिला जवळ घेतलं होतं का?

पुंजाराम : नाय.

भानुमती : खाजवलं? शेपटी ओढली?

पुंजाराम : नाय वो. बसले व्हते बिचारे गप.

भानुमती : हात कुठे होता त्यांचा?

पुंजाराम : असंल मांडीवर. हात कुठं असतो माणसाचा?

भानुमती : मांडीवर, उघडा?

पुंजाराम : ...आता ते काय ध्यानात हाय का.

द्वारकाबाई : कालचं ध्यानात नाय? अन् सत्तर सालच्या बाजारातल्या बैलाचे भोवरे सांगता तुमी!

पुंजाराम : उपरण्याखाली व्हता. बस?

द्वारकाबाई : उपरण्याखाली? भर मे महिन्यात? पंखा फुल सोडला व्हता तरी घामानं सदरा भिजला व्हता त्यांचा. म्या सरबत करायला आत गेले ते बघून. अन् तुमचे व्याही उपरणं पांघरून बसले?

भानुमती : पांघरून नाही. हात उपरण्याखाली, म्हणतायत ते. हात हलत होता का, भाऊ?

पुंजाराम : बाई, तुमी मास्तरीण व्हतात का फौजदार?

भानुमती : परीक्षेला कॉपी पकडायचे. हलत होता का?

द्वारकाबाई : थांबा. थांबा जरा. बाई, मला एक आठवलं. ही उघड्या पायाला कंदी चावत नाय. पण चादरीखाली पाय हलला की उडी घेते. परवा पदराखाली हात धरून म्या लसूण सोलत व्हते, तर पदरावर झडप. सून शाल घेऊन बसली, शालीवर झडप. झाकलेला हात दिसला की संपलंच!

भानुमती : मग हे मायेचं चावणं नव्हे. हे शिकवलेलं आहे.

द्वारकाबाई : कोण शिकवणार? घरात माणसं किती, चार. पोरगा-सून सकाळीच डबा घेऊन जातात ते दिवे लागल्यावर येतात. म्या दिवसभर चुलीपाशी. राहिलं कोण...

भानुमती : द्वारकाबाई, बसा. बसा आधी.

द्वारकाबाई : अवं! अवं, बघा माझ्याकडं! खाली काय बघता? रोज मी देवळात गेले की दार लोटून घेता तुमी. परत आले की ही तुमच्या मांडीवर, उपरणं चोळामोळा, अन् तुमी हसत बसलेले! म्या म्हणायचे, बघा, म्हाताऱ्याला मांजराचा लळा लागलाय!

पुंजाराम : लळाच हाय तो.

द्वारकाबाई : काय शिकवलंत तिला?

पुंजाराम : शिकवलं नाय काय. सौदा करायचो.

भानुमती : सौदा? मांजराशी?

पुंजाराम : तुमाला नाय कळायचं, बाई. तुमी शहरातल्या. गुरांच्या बाजारात आकडा तोंडानं काढीत नसतात. दलाल गिऱ्हाइकाचा हात उपरण्याखाली घेतो. एक बोट दाबलं की एक. पंजा धरला की पाच. सौदा झाल्याबिगर हात सोडीत नसतात. वर पाऊसपाण्याच्या गप्पा चालू, पोराबाळांची खुशाली चालू, अन् खाली भाव चालू. शेजारी उभ्या माणसाला सुगावा लागत नाय. चाळीस वर्षं केलं ते म्या. माझ्या बापानं केलं. ह्या उपरण्याखाली किती हात आले, सांगता यायचं नाय. कुणाचा हात थरथरायचा, त्याला गरज हाय. कुणाचा गार पडायचा, त्याच्या मनात दगा हाय. तोंड खोटं बोलतं, बाई. हात बोलत नाय.

भानुमती : आणि इथे आल्यावर?

पुंजाराम : इथं? सहा वर्षं झाली. इथं कोण हात देतो? खाली वॉचमन सलाम ठोकतो लांबून. बद्रीचे मित्र येतात, 'बाबा, बरे हायेत ना' म्हणतात अन् मोबाईल बघतात. एक दिवस उपरणं मांडीवर व्हतं. हाताला सवय, बोटं आपली हलायली खाली. हिनं वरनं पंजा ठिवला. म्या एक बोट वर केलं. हिनं धरलं. म्या दोन केली. हिनं दात लावला. मला वाटलं...

द्वारकाबाई : काय वाटलं?

पुंजाराम : घासाघीस करायलीय.

भानुमती : हसू नये, पण... मग? तिने दात लावला की तुम्ही काय करायचात?

पुंजाराम : शाबास म्हणायचो. लई पक्की गिऱ्हाईक हाय म्हणायचो. भाव तिचाच धरायचो. सौदा झाला की बोटावर साय घेऊन चाटवायचो.

भानुमती : म्हणजे चावलं की शाबासकी, आणि वर साय! आठ महिने, रोज!

पुंजाराम : सहा महिने. पहिले दोन महिने नुसते दात बघायचो. जबडा उघडून. दातावरून वय कळतं जनावराचं.

भानुमती : पिल्लाच्या तोंडात बोटं घालून?

पुंजाराम : मग दात दिसणार कसे?

द्वारकाबाई : बाई, मला पाणी द्या. नको, राहू द्या. काल नानासाहेबांचं काय झालं ते आदी सांगा. सगळं सांगा.

पुंजाराम : त्यांनीच काढलं. तू आत सरबताला गेलीस. आपली खिलारी जोडी त्यांनी घेतली, तिथंच बद्रीची सोयरीक निघाली, ते बोलत बसलो. ते म्हणले, 'पुंजारामजी, होऊन जाऊ द्या एकदा, जुन्या आठवणीनं.' म्या उपरणं पसरलं. त्यांनी हात घातला. काय सांगू, द्वारका, सहा वर्षांनी माणसाचा हात आला उपरण्याखाली. त्यांनी एक बोट दाबलं...

भानुमती : आणि कबरी सौद्यात शिरली.

पुंजाराम : व्हय.

द्वारकाबाई : अन् तुमी काय म्हणलात? त्यांच्या तोंडावर, सुनेसमोर, बद्रीसमोर काय म्हणलात? 'बसल्या जागी झडप घातली, खोडील हाय, उद्याच सोडून देतो.' म्हणलात का नाय?

पुंजाराम : म्हणलो.

द्वारकाबाई : लाज नाय वाटली? अख्ख्या तालुक्यात नाव काय तुमचं? पुंजाराम दलाल खोड लपवीत नाय! लाथ मारणारी म्हैस 'लाथ मारते' म्हणून सांगून विकली. बाभळगावच्या पाटलाचा बैल बसका हाय म्हणून चारचौघांत सांगितलं, पाटील वर्षभर बोलला नाय, तरी माघार घेतली नाय. त्या नावावर नांदले मी! अन् आज स्वताची खोड जनावराच्या गळ्यात बांधून टेम्पोत टाकायला निघालात! मुकं हाय म्हणून? उलटून सांगायला येणार नाय म्हणून?

पुंजाराम : काय सांगायला पायजे व्हतं? सून काय म्हणली असती? म्हातारा मांजरीसंगं सौदे करतो? बद्रीला कंपनीत कळलं असतं तर?

द्वारकाबाई : मामंजी रझाकारांच्या धाकात बाजार भरवायचे. ते भ्याले नाय. अन् तुमी सुनेच्या हसण्याला भ्यालात! बाजारात मला एक दिवस येऊ दिलं नाय. 'बायकांचं सौद्यात काय काम' म्हणायचात. पंचेचाळीस वर्षांत त्या उपरण्याखाली माझा हात चालला नाय. मांजरीचा चालला!

भानुमती : द्वारकाबाई, रागाचं नंतर बघा. घड्याळ बघा आधी. भाऊ, एक नीट सांगते. तुम्ही जे शिकवलंत ते तिने चोख शिकून घेतलं. म्हणजे दुसरंही शिकेल. पण आजपासून हात हे खेळणं नाही. उघडाही नाही, झाकलेलाही नाही. खेळायला काठीला चिंधी बांधा, लांब दोरी लावा. गुलमंडीत लेसचे तुकडे मिळतात, तेही चालतील. तिला झडप घालायचीच आहे, वय आहे तिचं. चिंधीवर घालू दे, चांगली दमेपर्यंत. मग जेवण. साय बोटावर नाही, वाटीत.

द्वारकाबाई : अन् तरी चावली तर?

भानुमती : हात ओढायचा नाही. सैल सोडायचा, जीव नसल्यासारखा. उंदीर मेला की मांजराची मजा संपते. तोंड उघडलं की शांतपणे उठायचं आणि दुसऱ्या खोलीत जायचं. ओरडायचं नाही, मारायचं नाही, समजूतही काढायची नाही. दोन-चार मिनिटं तिच्याकडे बघायचंच नाही.

द्वारकाबाई : रुसायचं म्हणा की.

भानुमती : अगदी तेच.

पुंजाराम : मग हिला शिकवायला नको. दोन-चार मिनिटं काय, हिला चार-चार दिवस जमतं.

द्वारकाबाई : तुमच्यावरच हात बसलाय माझा. किती दिवस लागतील, बाई?

भानुमती : महिना. कदाचित दोन. पण चौघांनीही एकसारखं वागायला हवं. एकाने जरी दार लोटून जुना सौदा केला, तर बाकी तिघांची मेहनत पाण्यात. आणि भाऊ, सगळं सुटेलच असं मी लिहून देत नाही. मायेने कधी दात टेकवेल. पण हळू टेकवेल. आहे कुठे ती? मघापासून दिसली नाही.

द्वारकाबाई : वरडण्याला भिऊन पलंगाखाली गेली असंल. कबरे! ये गं... कबरे! ...नाय इथं. गॅलरीत बी नाय.

पुंजाराम : द्वारका.

द्वारकाबाई : काय?

पुंजाराम : पोतं बघ.

द्वारकाबाई : अगं माझे बाई! आपणहून जाऊन झोपली की आत. पाय पोटाशी घेऊन.

भानुमती : मांजराला पोतं, खोकं, टोपली दिसली की राहवत नाही.

द्वारकाबाई : तिला वाटलं आजोबांनी आपल्यासाठीच आणलंय.

पुंजाराम : माझा चष्मा कुठंय?

द्वारकाबाई : डोळ्यांवर हाय. पुसून घ्या.

भानुमती : मी निघते. द्वारकाबाई, काठी तयार झाली की हाक मारा, दोरी किती लांब ठेवायची ते दाखवते. आणि भाऊ, फोन तुम्हीच करा. ह्यांना करायला लावू नका.

द्वारकाबाई : ऐकलंत? घ्या फोन. बद्रीला लावा. माझ्यासमोर.

पुंजाराम : कामावर असंल तो.

द्वारकाबाई : काल व्याह्याला सुई टोचायला नेलं तवा नव्हता का कामावर? तवा बरा लावलात फोन. लावा.

पुंजाराम : ...हॅलो. बद्री. ...नाय, अजून दिली नाय. सांडू यायचाय. ...अरे ऐकून घे आदी. ...मशीन बंद करून बोल, मला वरडता येत नाय. मांजर खोडील नाय. ...आईनं सांगितलं म्हणून नाय बोलत मी. काल नानासाहेबांचा हात माझ्या उपरण्याखाली व्हता. ...व्हय, सौद्याचा. ...अन् ते हिला म्या शिकवलंय. रोज. सहा महिने. ...हस. हस तू. तुझ्या बायकोला बी सांग, तिला बी हसू दे. नानासाहेबांला म्या स्वता फोन करतो. खोड माझी हाय, बद्री. जनावराची नाय. ...किती दिवस? बाई म्हणतात, महिना-दोन महिने. ...आठ दिवस? आठ दिवसांत बैल गाडीला लागत नाय, बाबा. ...बरं. बरं, ठेव.

द्वारकाबाई : काय म्हणला?

पुंजाराम : आदी हसला. मग म्हणला, 'बाबा, मला सांगायचं ना, तुमाला करमत नाय म्हणून.'

द्वारकाबाई : अन् कबरीचं?

पुंजाराम : म्हणला, 'सगळ्यात जास्ती आईला चावते. मुदत तुमी अन् आई ठरवा. मला रात्री सांगा.'

द्वारकाबाई : मग ठरवू. सरका थोडं. उपरणं काढा खांद्यावरचं.

पुंजाराम : कशाला?

द्वारकाबाई : कशाला म्हंजी? मुदतीचा सौदा हाय. तोंडानं आकडा काढीत नसतात ना? पसरा मांडीवर. ती झोपलीय तोवर उरकू. पुन्ना तिच्यासमोर ह्याच्याखाली हात हलला तर माझ्याशी गाठ हाय.

पुंजाराम : अगं, दार उघडं हाय.

द्वारकाबाई : राहू द्या. आजवर लोटून घेतलंत तेवढं पुरे. घ्या. हा माझा हात.

(उपरण्याखाली दोन हात. दोघं समोरच्या भिंतीकडे बघत बसलेली.)

पुंजाराम : लई खरबरीत झालाय गं हात.

द्वारकाबाई : भावाचं बोला. एक बोट म्हंजी काय?

पुंजाराम : एक बोट एक महिना धर. ...हे बघ. हे माझं.

द्वारकाबाई : एवढुसं? हे घ्या.

पुंजाराम : तीन! द्वारका, बाई दोन म्हणल्या. तीन महिने पोरगा ऐकायचा नाय.

द्वारकाबाई : दोन तिच्या खोडीचे. एक तुमच्या.

पुंजाराम : माझी कसली खोड? सोडली म्या.

द्वारकाबाई : जित्याची खोड, तुमीच म्हणलात. पुन्ना हाताला खाज सुटली तर मांजराला शिकवायचं नाय. मला हाक मारायची. म्या चुलीपाशी असले तरी. कबूल?

पुंजाराम : वर पाऊसपाण्याचं बोलायचं असतं सौद्यात. सरळ असं बोलत नसतात.

द्वारकाबाई : औंदा पाऊस बरा हाय म्हणतात. कबूल?

पुंजाराम : ...सांडूचा हॉर्न वाजला बघ खाली. आला तो. सोड, त्याला सांगून येतो, जा म्हणून.

द्वारकाबाई : वाजू द्या.

पुंजाराम : अगं, खोळंबलाय तो. हात तर सोड.

द्वारकाबाई : सौदा झाल्याबिगर सोडीत नसतात ना?